मामलेदार मिसळ, ठाणे: एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं घेऊन जायची असतील तर

रेटिंग पाचपैकी पाच. पण आधीच सांगते, हा मिसळीचा रिव्ह्यू अर्धाच आहे. रस्सा किती तिखट, फरसाण कसं, पाव मऊ होते का, हे लिहिणारे शेकडो लोक आहेत आणि ठाणेकरांना ते सांगायची गरजपण नाही. १९४६ पासूनचं ठिकाण आहे, मामलेदार कचेरीला लागून, आता शाखापण बऱ्याच झाल्यात, मी लिहितेय ती स्टेशनजवळच्या मूळ जागेबद्दल. आणि माझा मुद्दा वेगळाच आहे. घरात दोन माणसं अशी असतील जी एकमेकांशी बोलत नाहीत आणि दिवाळीच्या निमित्ताने त्यांना एकत्र आणायचंय, तर न्यायचं कुठे? ह्या कामासाठी मी ठाण्यातल्या बऱ्याच जागा डोक्यात फिरवून बघितल्या आणि ही जागा सगळ्यात बेस्ट निघाली, म्हणून हा रिव्ह्यू.

आमच्याकडची जोडी म्हणजे बाबा आणि दादा. बाबा ७२, दादा ४४. पाच-सहा वर्षं अबोला. कारण इस्टेट नाही, म्हणजे म्हटलं तर इस्टेटच. नौपाड्यात आमची जुनी बिल्डिंग, तीन मजली, लिफ्ट नाही, बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दादाने लग्नानंतर त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर वन रूम किचन घेतलेली, म्हणजे बाप-लेक दोघेही मेंबर. पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते ना, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा, मग सी-२ए, सी-२बी, सी-३, तर आमची सी-२बी मध्ये होती, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती होण्यासारखी. बाबांचं म्हणणं आधी दुरुस्ती करू, आणि रिडेव्हलपमेंटच करायचं तर बिल्डर नीट बघून करू. बाकीच्यांना तोपर्यंत टॉवर दिसायला लागला होता. दादाच्या डोक्यावर एकदा किचनमध्ये स्लॅबचा तुकडा पडता पडता राहिला होता, त्यामुळे त्याचंही चूक होतं असं मी म्हणणार नाही, घरात लहान मूल होतं त्याच्या.

मग ती ७९ अ ची मीटिंग, म्हणजे सहकार कायद्यातल्या त्या कलमाखाली रिडेव्हलपमेंटचा बिल्डर ठरवायची सभा. उपनिबंधक कार्यालयाचा माणूस समोर बसलेला, व्हिडिओ शूटिंग चालू कारण ते नियमाने करावंच लागतं, बाबा उभे राहून सांगतायत की हा बिल्डर बँक गॅरंटी, म्हणजे त्याने शब्द पाळला नाही तर बँकेकडून सोसायटीला पैसे मिळायची हमी, द्यायला टाळाटाळ करतोय, नियमावलीत प्रोजेक्टच्या खर्चाच्या २० टक्के गॅरंटी घ्यायला सांगितलीय, घाई करू नका. आणि मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर दुसऱ्या रांगेत दादाचा हात वर. २०१९ च्या जीआरनंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, ती तर आधीच होत होती, दादाचा हात नसता तरी काही फरक पडला नसता. मला वाटतं बाबांना लागलं ते हेच, गरज नसताना वर गेलेला हात. आणि त्याचं शूटिंगपण आहे.

भांडण झालं असं म्हणावं तर तेही नाही. बाबांनी राजीनामा दिला, दफ्तर नवीन सेक्रेटरीच्या हवाली केलं आणि दादाशी बोलणं बंद केलं, तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी. दादा म्हणाला बोलतील तेव्हा बोलतील. दोघं एकाच मातीचे. बिल्डिंग पाडली, बाबा-आई नौपाड्यातच भाड्याने, दादा ऐरोलीला गेला. मध्ये आई गेली, तेव्हा तेराव्यापर्यंत दोघं एका घरात होते आणि तरी जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. गुरुजी काय म्हणाले ते त्याला सांग, त्यांना विचार यादीत अजून कोण राहिलं का. मी आपली मधल्या मध्ये, पोस्टमन.

तर जागा. आपल्याकडे अशी माणसं भेटतात कुठे तर लग्नात नाहीतर मयताला, आणि दोन्हीकडे गर्दी इतकी असते की न भेटता घरी परत येता येतं. घर हा ऑप्शन बादच धरा. कोणाच्या घरी, कोण कोणाकडे आधी गेलं, हे ठरेपर्यंत पुढची दिवाळी येते. माझ्या घरी म्हणाल तर मी राहते घोडबंदरला, तिथला ट्रॅफिक तुम्हाला माहितीय, आणि एवढं करून बाबा पोचले तरी जावयाचं घर म्हणून सोफ्याच्या कडेवर बसतात, पाठ टेकत नाहीत.

गेल्या दिवाळीत माझ्या नवऱ्याच्या आग्रहाखातर एका मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं होतं. नाव लिहित नाही, जेवण वाईट नव्हतं, चूक जागेच्या जातीचीच होती. असल्या ठिकाणी समोरासमोर खुर्च्या, मंद लाइट, मंद गाणी, म्हणजे कोणी बोललं नाही तर ते स्पष्ट ऐकू येतं. स्टार्टर आणि मेन कोर्सच्या मध्ये एवढा वेळ की बाबांनी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, खालचं टॅक्स वेगळा लागेल ते वाक्यसुद्धा, आणि मग परत पहिल्या पानावर आले. दादा मोबाइलमध्ये. वेटर बिचारा दर दोन मिनिटांनी येऊन सगळं ठीक आहे ना सर विचारतोय. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी केक आला, सगळ्या हॉटेलने टाळ्या वाजवल्या, आम्हीपण वाजवल्या, त्या जेवणात आमच्या टेबलावर झालेला तेवढाच आवाज. दादा डेझर्टच्या आधीच कसलंतरी कारण काढून निघाला.

मग ह्या वर्षी मी नीट विचार केला. दिवाळी पहाट? तलावपाळी आणि राम मारुती रोडला त्या दिवशी सकाळी सगळं तरुण ठाणं नटून थटून उतरलेलं असतं, डीजे, ढोल, सेल्फी, तिथे बाबांना न्यायचं म्हणजे शिक्षा. गडकरी रंगायतनला नाटक? नाटक म्हणजे अंधारात न बोलता बसायची सरकारमान्य सोय, इंटरव्हलला बटाटेवडा खाल्ला की संपलं. गजानन वडापाव चांगला पर्याय वाटला होता, ती बेसनाची पिवळी चटणी दोघांनाही आवडते, पण उभ्या उभ्या पाच मिनिटांत हात झटकून माणूस मोकळा. प्रशांत कॉर्नरला दिवाळीत मिठाईवाल्यांची झुंबड, तिथे आमची हरवाहरवीच व्हायची.

मला हवी होती अशी जागा जिथे फार वेळ बसताच येत नाही, बसलो तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची सक्ती नाही, टेबलावर परका माणूस आहे, हाताला आणि तोंडाला काम आहे, आणि जिथे दोघं अबोल्याच्या आधीपासून जातायत. हे सगळं टिक करणारी जागा ठाण्यात एकच. शिवाय दादाला पहिल्यांदा मामलेदारला नेलं ते बाबांनीच, बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला डोमिसाइल लागायचं त्या वेळी. तहसीलदार कचेरीत, म्हणजे ह्याच मामलेदार कचेरीत, सकाळपासून रांग, अर्ज, तिकीट, स्टॅम्प, साहेब जागेवर नाहीत, आणि मग वैतागलेले दोघं शेजारी मिसळीला. ठाण्यातल्या किती लोकांची मामलेदारची पहिली मिसळ अशीच कुठल्यातरी दाखल्याच्या निमित्ताने झालीय, घरात विचारून बघा. मी शाळेत असताना दादा घरी आला की ती गोष्ट सांगायचा आणि बाबा मध्येच दुरुस्ती करायचे की साहेब जागेवर होते, क्लार्क नव्हता.

आता प्रश्न आणायचं कसं. बाबांना सांगणं सोपं, मिसळ खायला चला म्हटलं की ते तयार, दादा येणारे हे मी सांगितलं, लपवाछपवी केली नाही, ते फक्त बरं म्हणाले आणि विषय बदलला. दादासाठी भाऊबीज होती. ओवाळून झालं, त्याने पाकीट काढलं, मी म्हटलं पैसे ठेव, उद्या सकाळी मामलेदारला ये, बाबा येतायत, हीच ओवाळणी. वहिनी शेजारी उभी होती, ती म्हणाली अगं आधी सांगायचंस ना, मी दर वर्षी हेच मागितलं असतं. दादा काही बोलला नाही, पण ओवाळणीला नाही म्हणता येत नाही, हा आपल्या सणांचा एक फायदा आहे.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर बाबा आधीच उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दादा ट्रान्स हार्बर लोकलने आला, स्टेशनवरून चालत. दोघांनी एकमेकांना बघितलं, मान हलवली असं मला वाटलं, नक्की सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात रांग पुढे सरकली.

रांग हा इथला सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे आणि लोक उगाच तिच्या नावाने बोटं मोडतात. सकाळी, त्यात दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावची मंडळीपण आलेली असताना, थांबावं लागणारच. पण रांगेत सगळे एकाच दिशेला बघत असतात, कोणी कोणाच्या डोळ्यात बघायचं नसतं, आतला वास येत असतो, आणि न बोलता उभं राहिलं तरी कोणाला ते विचित्र वाटत नाही कारण सगळेच तसे उभे. बाबा, मग मी, मग दादा. बाबा समोर बघत मला म्हणाले, त्याला विचार ट्रेनने आला का गाडीने. दादा दोन फुटांवर. मी वळून विचारलं, इतक्या वर्षांची सवय. तो म्हणाला ट्रेनने, सांग. मी सांगितलं. बाबा म्हणाले बरं केलं, इथे गाडी लावायची पंचाईत. हे पार्किंगवाल्यांनी पण लक्षात घ्या, स्टेशन परिसरात चारचाकी आणायच्या भानगडीत पडू नका, ट्रेन नाहीतर रिक्षा.

आत बसलो ते चौघांच्या टेबलावर, चौथे एक काका आधीच बसलेले, त्यांची मिसळ अर्धी झालेली. इथे टेबल वाटून घ्यावं लागतं, ज्यांना प्रायव्हसी हवी त्यांनी येऊ नये, आम्हाला नको होती. बाबा आणि दादा एका बाजूला आले, मुद्दाम नाही, जागाच तशी उरली होती. खांद्याला खांदा, तोंडं माझ्याकडे आणि काकांकडे.

ऑर्डर घ्यायला आला. इथे तिखट, मीडियम, कमी तिखट असं विचारतात आणि नवख्या माणसाने प्लीज खरं उत्तर द्यावं, तिखट म्हणजे इथे खरंच तिखट, मित्रांसमोर शान मारायला मागवून नंतर घाम पुसत बसलेली पोरं मी कित्येकदा बघितलीत. बाबा म्हणाले, दोन तिखट, एक मीडियम. मीडियम माझी. दादा म्हणाला, मला कमी तिखट.

बाबा वळले. म्हणजे अख्खी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोक्यातला दादा अजून तोच, वरून एक्स्ट्रा रस्सा मागून घेणारा.

"तू? कमी तिखट?"

"ॲसिडिटी होते."

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"गोळी कुठली घेतोस?"

"पॅन-डी."

"रोज?"

"हो, रोज सकाळी."

"अशी मनाने रोज घेत राहू नये ती. डॉक्टरला विचारलंयस का?"

बाबा औषधाच्या कंपनीतून रिटायर झालेत. पॅकिंगला सुपरवायझर होते, पण घरात पहिल्यापासून डॉक्टर. दादाने नेहमीप्रमाणे हो हो केलं, म्हणजे विचारलेलं नाही. मी पाण्याचा ग्लास उचलून उगाच पीत बसले, कारण हे सगळं माझ्यावरून न जाता झालं होतं आणि मला मध्ये पडायचं नव्हतं.

मिसळ पटकन येते. हे पण महत्त्वाचं. पाच मिनिटांची जरी फट पडली असती तरी दोघं परत गप्प झाले असते, पण समोर प्लेट आली, लिंबू पिळा, कांदा घाला, पाव मोडा, हात चालू. आता मिसळीबद्दल दोन वाक्यं लिहितेच. रस्सा पातळ, लाल, आणि पहिल्या घासाला वाटतं की एवढा काही नाही, मग तिसऱ्या-चौथ्या घासाला कान गरम होतात. पुणे-नाशिकसारखं इथे वरून दही, पापड, गुलाबजाम, ताटाची सजावट असलं काही शोधू नका, उसळ, फरसाण, रस्सा, पाव, संपलं. फरसाण रस्सा पिऊन मऊ होण्याच्या आत संपवायचं असतं, त्यामुळे इथे कोणी भाषण करत नाही. माझी मीडियमसुद्धा मला पुरेशी झाली. दादाची कमी तिखट मी चाखली, चव तीच, फक्त कान शाबूत राहतात, ॲसिडिटीवाल्यांना चालेल असं मी म्हणणार नाही पण तो पूर्ण संपवून उठला.

आणि आता ते काका. नाव विचारलं नाही, पाचपाखाडीचे होते, वय साठीच्या पुढे. त्यांनी बाबांना विचारलं, नौपाड्याचे का? बाबा हो म्हणाले. कुठली बिल्डिंग? बाबा म्हणाले पाडली, रिडेव्हलपमेंट. ठाण्यात हल्ली दोन अनोळखी माणसं भेटली की हवापाण्याच्या आधी रिडेव्हलपमेंट निघते, त्यामुळे काकांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, बिल्डर भाडं देतोय का वेळेवर?

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, चार महिने थकलंय.

मला माहीत नव्हतं. चार महिने हा माणूस खिशातून भाडं भरतोय आणि मला दर रविवारी फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगतोय. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, माझं पण चार. बाबांनी परत मान वळवली. तुझं पण? हो, फोन करतो तर ऑफिसमधली मुलगी पुढच्या आठवड्यात म्हणते. मला पण तीच मुलगी तेच सांगते.

काका म्हणाले, आमच्या सोसायटीने पुढच्या तारखांचे चेक आधीच घेऊन ठेवले होते, आणि बँक गॅरंटी. तुमची बँक गॅरंटी आहे ना?

ह्या प्रश्नावर मी खरंच डोळे मिटले. सगळ्या ठाण्यात हा एकच प्रश्न कोणी विचारायला नको होता. बाबा प्लेटमध्ये बघत होते. आणि दादाने, पावाचा तुकडा हातात तसाच, काकांना सांगितलं, नाही घेतली, बाबा तेव्हा सांगत होते, मीटिंगमध्ये उभे राहून सांगत होते, आम्ही कोणी ऐकलं नाही.

बाबांनी लिंबाची फोड उचलली, पिळली, सगळा रस काढला तिच्यातला. मग म्हणाले, इतिवृत्तात आहे ते.

"काय?"

"माझं म्हणणं. इतिवृत्तात नोंद आहे. मीच लिहिलंय ना, सही पण आहे अध्यक्षांची."

"कॉपी आहे तुमच्याकडे?"

"दफ्तर दिलं त्यांना. झेरॉक्स ठेवलीय मी."

"सगळ्याची?"

"सगळ्याची."

दादा हसला. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी दादाच्या प्लेटकडे बघून, काही न विचारता, जाणाऱ्या माणसाला हाक मारून त्याच्यासाठी अजून पाव मागवले. ज्यांना बापाच्या माफीची वाट बघायचीय त्यांनी सांगून ठेवते, आमच्या घरात ती अशीच येते, आणि मुलाची माफी "आम्ही कोणी ऐकलं नाही" ह्या वाक्यात आलेली होती, तीपण तिसऱ्याच माणसाला उद्देशून. रडणं, मिठी, पाया पडणं असलं काही झालं नाही. तिखटाने डोळ्यात पाणी आलं म्हणावं तर दादाची कमी तिखट होती.

मग पुढची दहा मिनिटं मी टेबलावर नसल्यासारखीच होते. करारात उशिराच्या भाड्यावर व्याजाचा क्लॉज आहे का, आहे, पान दादाला आठवत नव्हतं, बाबांना आठवत होतं. सगळ्या मेंबरांचं थकलंय का काहींचंच, ते आधी शोधायला हवं. वकिलाची नोटीस सोसायटीने पाठवायची का एकेकट्याने. काकांनी त्यांच्या वकिलाचा नंबर दिला. बाबांनी तो खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेतला आणि दादाने मोबाइलमध्ये, दोघांनी वेगवेगळा. बाबांनी डायरीतला वाचून दाखवला, दादाने मोबाइलवरचा ताडून बघितला, एक आकडा चुकला होता. कोणाचा ते लिहित नाही, दोघं हे वाचतील.

मागे लोक उभे असतात, त्यामुळे खाल्लं की उठायचं. कोणी उठा म्हणत नाही, तुम्हालाच कळतं. हा पण मी प्लस पॉइंटच धरते, कारण अजून अर्धा तास बसलो असतो तर कोणीतरी "पण तू हात का वर केलास" पर्यंत पोचलं असतं. ते कधीतरी निघेलच, पण त्या दिवशी नको होतं. बिलाचं मी आधीच ठरवून टाकलं होतं की मी देणार, भाऊबीज माझी, तिथे नवीन वाद नको.

बाहेर येऊन कोपऱ्यावर चहा घेतला. बाबांनी विचारलं, त्याचं दहावीचं वर्ष ना? म्हणजे माझा भाचा. दादा म्हणाला हो, गणितात लटपटतोय. बाबा म्हणाले, आणून सोड सुट्टीत माझ्याकडे, तसंही मी दिवसभर मोकळा. दादा बघतो म्हणाला. बाबांनी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला, पातळ पोह्यांचा चिवडा, आई गेल्यापासून स्वतः करतात, मीठ कमी असतं, हे त्यांना सांगितलेलं आवडत नाही. बाबांना जांभळी नाक्यावर भाजी घ्यायची होती असं ते सकाळपासून सांगत होते. ती राहिली बाजूला, दादाबरोबर स्टेशनकडे चालायला लागले. मला म्हणाले तू जा घरी, तुला लांब जायचंय.

तर ज्यांना अशी गाठ घालून द्यायचीय त्यांच्यासाठी माझ्याकडून एवढंच. सकाळी लवकर जा पण अगदी उघडताना नको, थोडी रांग असायला हवी. तिघंच जा, सुना, जावई, नातवंडं पुढच्या वेळी, जास्त माणसं असली की प्रत्येकजण त्यांच्याशीच बोलतो. ऑर्डर त्यांची त्यांना देऊ द्या, तुम्ही मध्ये पडून सगळ्यांना मीडियम सांगू नका, आमच्याकडे सगळी गाडी त्या कमी तिखटावरूनच सुरू झाली. लहान मुलांना ही मिसळ झेपत नाही. पार्सल मिळतं, पण पार्सल नेऊन घरी जोडी जुळवायचा प्रयत्न करू नका, त्यात रांगही नाही आणि पाचपाखाडीचे काकाही नाहीत. काका, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा वकील चांगला आहे, फी जरा जास्त आहे.

दादाने त्याच रात्री तिघांचा ग्रुप काढला, नाव "भाडे थकबाकी". त्यात बाबा रोज इतिवृत्ताच्या एकेका पानाचा फोटो टाकतात, अर्धे तिरके, एकात त्यांचा अंगठा आलाय. दादा सरळ फोटो काढायचा कसा ते व्हिडिओ कॉलवर शिकवतो आणि चिडतो, बाबा उलटे चिडतात, अगदी पूर्वीसारखं. भाडं अजून आलेलं नाही. नोटीस जाण्याआधी वकिलाला देण्याची फाइल एकदा तिघांनी बसून लावायचीय, तर कुठे बसायचं ह्यावरून कालपासून ग्रुपवर चालू आहे. दादा म्हणतो ऐरोलीला या, बाबा म्हणतात मामलेदारला भेटू. मी लिहिलं की तिथे फाइल उघडायला जागा कुठेय, रस्सा सांडेल सगळ्यावर. बाबांचा रिप्लाय आला, झेरॉक्सच्या अजून दोन प्रती काढल्यात.